मताचा हक्क आणि जमिनीचा कागद : साऊथ कॅरोलायना, १८६० ते १८९५

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : अमेरिकेत यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली, कृष्णवर्णीयांना मतं मिळाली, त्यांचे आमदार-खासदार झाले. मग दहा-बारा वर्षांत सगळं उलटं कसं फिरलं? त्यांना कारभार जमला नाही आणि भ्रष्टाचार माजला, हेच कारण ना?

युद्धाआधी संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या अकरा राज्यांचं मिळून एक उत्तर दिलं तर ते कुठल्याच राज्याला नीट लागू पडत नाही. म्हणून मी एकच राज्य घेतो. अमेरिकी इतिहास शिकवताना मी नेहमी ज्याच्याकडे वळतो, ते साऊथ कॅरोलायना. फुटून निघणारं पहिलं राज्य हेच, आणि गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी सत्ता सर्वांत जास्त हाती घेतली तीही इथेच. माझं म्हणणं आधीच सांगतो. या माणसांना राज्य चालवता आलं नाही म्हणून ते गेलं, हे खोटं आहे. ते बंदुकीच्या जोरावर काढून घेतलं गेलं. काढून घेणं कुठे सोपं गेलं आणि कुठे अवघड, हे मुख्यतः जमीन कोणाच्या नावावर होती यावर ठरलं.

१८६० च्या जनगणनेत या राज्याची लोकसंख्या ७,०३,७०८ होती. त्यातले ४,०२,४०६ गुलाम. म्हणजे दर शंभर माणसांमागे सत्तावन्न माणसं दुसऱ्या कुणाची तरी मालमत्ता होती, आणि गोऱ्या कुटुंबांपैकी जवळपास निम्म्यांकडे गुलाम होते. 'फक्त मूठभर श्रीमंत मळेवाल्यांची गुलामगिरी' हे चित्र इथे बसत नाही. २० डिसेंबर १८६० रोजी चार्ल्स्टनमध्ये १६९ विरुद्ध शून्य मतांनी राज्याने संघराज्यातून बाहेर पडायचं ठरवलं. चार दिवसांनी त्याची कारणं सांगणारं जाहीर निवेदन मंजूर झालं. ते कोणीही वाचून पाहावं. पळालेले गुलाम उत्तरेकडची राज्यं परत देत नाहीत, गुलामगिरीला पाप म्हणतात, तिच्या विरोधातला माणूस अध्यक्ष निवडतात, अशा तक्रारींनी ते भरलेलं आहे. युद्ध जकातीवरून झालं असं पुढच्या पिढ्यांनी कितीही सांगितलं, तरी ते घडवणाऱ्यांनी स्वतः तसं म्हटलेलं नाही.

एप्रिल १८६१ मध्ये चार्ल्स्टनच्या बंदरातल्या फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि युद्धाला तोंड फुटलं. लढायांचा हिशोब मी इथे मांडत नाही. आपल्या प्रश्नाचं मूळ किनाऱ्यावरच्या बेटांवर आहे, तिकडे जाऊ.

सेंट हेलेना, पोर्ट रॉयल, लेडीज आयलंड, एडिस्टो. ब्यूफोर्ट गावाच्या आसपासची ही सखल, खाऱ्या दलदलींची बेटं. इथे 'सी आयलंड' नावाचा लांब धाग्याचा, रेशमासारखा कापूस व्हायचा आणि तो जगातला सर्वांत महाग कापूस होता. आतल्या नद्यांच्या काठी भात. भातशेतीत मालक हिवतापाच्या भीतीने उन्हाळाभर मळ्यावर राहत नसत. काम नेमून देण्याची पद्धतही वेगळी होती. सूर्योदय ते सूर्यास्त टोळीने राबवण्याऐवजी प्रत्येकाला रोजचा तुकडा ठरवून दिलेला असे, बहुतेकदा पाव एकराचा. तेवढं उरकलं की उरलेला वेळ त्याचा. त्या वेळात लोक मका, रताळी लावत, कोंबड्या-डुकरं पाळत, मासे धरत, कधी कधी विकतही. कायद्याने त्यांच्या मालकीचं काहीच नव्हतं, पण माझी कोंबडी कोणती आणि तुझं डुक्कर कोणतं, हे वस्तीत सर्वांना ठाऊक असे. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्वतःच्या घामाचं पीक स्वतःचं असतं, हा विचार या माणसांना बाहेरून कोणी शिकवलेला नव्हता.

७ नोव्हेंबर १८६१ रोजी उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयलची खाडी घेतली. त्या दिवसाला बेटांवरचे लोक पुढे वर्षानुवर्षं 'मोठ्या तोफांचा दिवस' म्हणत. मालक मंडळी ताटं तशीच टाकून पळाली. गुलामांनी सोबत यावं म्हणून धाक दाखवला, काहींवर गोळ्याही झाडल्या, तरी आठ-दहा हजार माणसं जागची हलली नाहीत. मालक गेले, माणसं आणि जमीन राहिली. युद्ध संपायला अजून साडेतीन वर्षं होती आणि पुढचं सगळं नाटक इथे आधीच सुरू झालं.

उत्तरेकडून शिक्षक, धर्मोपदेशक आणि व्यापारी आले. १८६२ मध्ये सेंट हेलेनावर लॉरा टाउन यांनी पेन स्कूल सुरू केलं. प्रौढ माणसं मुलांच्या शेजारी बसून अक्षरं गिरवत होती. याच उत्तरेकडच्या हितचिंतकांशी लोकांचं पहिलं भांडण मात्र कापसावरून झालं. सरकारला कापूस हवा होता, कारण त्याचे पैसे होत. लोकांना मका आणि रताळी हवी होती, कारण ती खाता येत. काही ठिकाणी त्यांनी सरकी काढायची यंत्रंच मोडून टाकली. कापूस म्हणजे मालकाचं पीक, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं होतं. चांगल्या मनाच्या बॉस्टनकरांना याचं आश्चर्य वाटायचं. वऱ्हाड-खानदेशातल्या वाचकाला ते वाटू नये. याच युद्धात अमेरिकेचा कापूस अडला, मुंबईत भाव गगनाला भिडले, शेतकऱ्याला हात सैल सोडून उचल मिळाली, आणि १८६५ मध्ये भाव कोसळल्यावर ती उचल मानगुटीवर बसली. कापसाच्या बाजाराचं पोटाशी काही देणंघेणं नसतं, हे तिकडच्या माणसांना आपल्याही आधी कळलं होतं.

आता या सगळ्यातला सर्वांत रुक्ष आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा धागा : थकीत कर.

१८६१ मध्ये अमेरिकी संसदेने युद्धखर्चासाठी सर्व राज्यांवर जमिनीचा थेट कर बसवला. बंडखोर राज्यांतले मळेवाले तो भरणार नव्हते हे उघडच होतं. १८६२ च्या कायद्याने ठरलं की जिथे आपलं सैन्य आहे तिथल्या थकबाकीदारांच्या जमिनी सरकारजमा करून त्यांचा लिलाव करायचा. मार्च १८६३ मध्ये ब्यूफोर्टला पहिले लिलाव झाले. बहुतेक जमीन गेली सरकारकडे आणि उत्तरेकडच्या पैसेवाल्यांकडे. एडवर्ड फिलब्रिक नावाच्या बॉस्टनच्या माणसाने भागीदारांच्या पैशावर एकट्याने अकरा मळे घेतले. तरीही सुटलेल्या गुलामांनी वर्गणी काढून, सैन्यातल्या पगारातून आणि अंडी-रताळी विकून जमवलेल्या पैशांतून जवळपास दोन हजार एकर जमीन विकत घेतली. पुढच्या लिलावांत आणखी घेतली. पाच एकर, दहा एकर, असे छोटे तुकडे. आकडा लहान दिसतो, पण हाती आलेला कागद लष्करी कृपेचा नव्हता. करवसुलीच्या कायद्याखाली झालेल्या लिलावाचं ते खरेदीखत होतं. या फरकाचं काय झालं ते पुढे येईलच.

याच काळात रॉबर्ट स्मॉल्स पुढे आला. ब्यूफोर्टमध्ये प्रिन्स स्ट्रीटवरच्या एका मोठ्या घरामागच्या खोपटात १८३९ साली तो गुलाम म्हणून जन्मला. चार्ल्स्टन बंदरात तो कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांच्या, सैन्याच्या 'प्लँटर' नावाच्या बोटीवर सुकाणू सांभाळायचा. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपलेले असताना त्याने बायको-मुलांना आणि सोबत्यांना बोटीवर घेतलं, कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवली, फोर्ट सम्टरसमोरून ठरलेली शिट्टी देत बोट बाहेर काढली आणि तोफांसकट उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन केली. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. मिळालेल्या बक्षिसाच्या पैशांतून पुढे त्याने थकबाकीच्या लिलावात एक घर घेतलं. तेच, प्रिन्स स्ट्रीटवरचं.

जून १८६३ मध्ये, स्वतः गुलामगिरीतून पळालेल्या हॅरिएट टबमन यांच्या मदतीने उत्तरेच्या सैन्याचा कॉम्बाही नदीवर छापा पडला आणि एका रात्रीत सातशेहून अधिक माणसं भातशेतांतून सुटली. साऊथ कॅरोलायनातले पाच हजारांवर कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या बाजूने लढले. म्हणून 'लिंकनने गुलामांना मुक्त केलं' हे वाक्य मला नेहमीच अपुरं वाटतं. या राज्यात तरी हजारो माणसं आपल्या पायांनी चालत, होड्यांनी नदी उतरत सुटली आणि मग इतरांना सोडवायला परत गेली.

१२ जानेवारी १८६५ रोजी शेजारच्या जॉर्जियातल्या सव्हाना शहरात उत्तरेचे जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मगुरूंना बोलावलं आणि तुम्हाला काय हवं ते विचारलं. सर्वांच्या वतीने गॅरिसन फ्रेझियर बोलले. वय सदुसष्ट, आठ वर्षांपूर्वी एक हजार डॉलर मोजून त्यांनी स्वतःला आणि पत्नीला विकत घेतलं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं : आम्हाला जमीन द्या, ती आम्ही आमच्या कष्टाने कसू आणि आमचं आम्ही भागवू. गोऱ्यांमध्ये मिसळून राहाल की वेगळे, यावर ते म्हणाले, वेगळे, कारण आमच्याविषयीचा आकस जायला वर्षं लागतील. चार दिवसांनी शर्मनचा पंधरा क्रमांकाचा हुकूम निघाला. चार्ल्स्टनपासून फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीपर्यंतची बेटं आणि किनाऱ्यापासून तीस मैल आतपर्यंतची भातशेतं मुक्त लोकांसाठी राखीव, प्रत्येक कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत. जूनपर्यंत सुमारे चाळीस हजार माणसं चार लाख एकरांवर वसली. पेरण्या झाल्या, गावपंचायती उभ्या राहिल्या.

मग एप्रिलमध्ये लिंकन यांचा खून झाला आणि अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाले. २९ मे रोजी त्यांनी बंडखोरांना माफी जाहीर केली, आणि माफीबरोबर मालमत्ताही परत दिली. ऑक्टोबरमध्ये मुक्त लोकांच्या खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड एडिस्टो बेटावर आले. लोक चर्चमध्ये जमले. जमीन मूळ मालकांना परत द्यावी लागणार, त्यांच्याशी मजुरीचे करार करा, हे त्यांना सांगायचं होतं. ते हॉवर्डना नीट सांगताही आलं नाही. सज्जातून एकाने ओरडून विचारलं, आमच्या जमिनी का काढून घेता? नंतर बेटावरच्या तिघांच्या समितीने हॉवर्डना आणि अध्यक्षांना अर्जवजा पत्रं लिहिली. त्यांतला मुद्दा असा : तुम्ही आम्हाला मालकांना क्षमा करायला सांगता. ज्याने मला झाडाला बांधून एकोणचाळीस फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला मारलं, आणि जो आता माझ्यापासून जमीन दूर ठेवायला इतरांशी संगनमत करतोय, त्याला क्षमा मी कशी करू? ही पत्रं वर्गात वाचून दाखवताना मला अजूनही मध्ये थांबावं लागतं.

शर्मनच्या हुकमाखाली वसलेले बहुतेक लोक उठवले गेले. त्यांतल्या काही कुटुंबांना ब्यूफोर्टकडे सरकारजमा जमिनीतले वीस-वीस एकर दीड डॉलर एकराने घेण्याची सोय १८६६ मध्ये मिळाली, तेवढंच. पण थकबाकीच्या लिलावात घेतलेल्या जमिनी राहिल्या. अध्यक्षांच्या माफीने 'सोडून गेलेली' मालमत्ता परत देता येत होती. कराच्या लिलावात तिसऱ्याच्या नावावर रीतसर गेलेली जमीन माफीच्या कक्षेत येत नव्हती. जुने मालक कोर्टात गेले. प्रिन्स स्ट्रीटवरच्या घराचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि १८७८ मध्ये निकाल स्मॉल्सच्या बाजूने लागला. त्यामुळे त्या लिलावांतल्या इतर मालकीहक्कांनाही आधार मिळाला.

राज्याच्या बाकी भागात काय चाललं होतं? डिसेंबर १८६५ मध्ये, फक्त गोऱ्यांनी निवडलेल्या विधिमंडळाने 'काळे कायदे' केले. मजुरीच्या करारात शब्दच 'मालक' आणि 'नोकर' असे घातले. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, परवानगीशिवाय मळा सोडायचा नाही. शेतमजूर किंवा घरगडी यांखेरीज दुसरं काम करायचं तर न्यायाधीशाकडून परवाना, आणि दुकान चालवायचं तर त्यासाठी वर्षाला शंभर डॉलर. थोडक्यात, गुलामगिरीचा कागद फाडून तिचाच करारनामा केला. जानेवारी १८६६ मध्ये इथले लष्करी प्रमुख जनरल सिकल्स यांनी हे कायदे रद्द केले. असे कायदे पाहूनच उत्तरेकडच्या मतदाराला कळलं की दक्षिण काही शिकलेली नाही. त्यातूनच १८६७ चे पुनर्रचनेचे कायदे आले : लष्करी देखरेख, नवी राज्यघटना आणि कृष्णवर्णीय पुरुषांना मत.

जानेवारी १८६८ मध्ये चार्ल्स्टनला घटना परिषद बसली. १२४ सदस्यांत कृष्णवर्णीयांचं स्पष्ट बहुमत होतं. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ज्यांना साक्ष द्यायचाही अधिकार नव्हता, त्यांनी काय लिहिलं पाहा. मतदानाला आणि उमेदवारीला मालमत्तेची अट नाही. सर्व मुलांसाठी सरकारी शाळा. कर्जासाठी कैद नाही. विवाहित स्त्रीची मालमत्ता नवऱ्याच्या कर्जात जाणार नाही. घटस्फोटाची तरतूद, जी या राज्यात त्याआधी नव्हतीच. यातल्या कितीतरी तरतुदी गरीब गोऱ्यांच्या फायद्याच्या होत्या.

विधानसभेच्या खालच्या सभागृहात कृष्णवर्णीय आमदारांचं बहुमत झालं, आणि असं झालेलं हे एकमेव राज्य. १८७० च्या डिसेंबरात जोसेफ रेनी प्रतिनिधीगृहात बसणारे पहिले कृष्णवर्णीय खासदार झाले. जोनाथन जॅस्पर राइट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर गेले. फ्रान्सिस कार्डोझो राज्याचे सचिव आणि पुढे खजिनदार झाले. १८७३ हे वर्ष तर डोळ्यांत भरण्यासारखं आहे. राज्याच्या पाच खासदारांपैकी चार कृष्णवर्णीय होते, सभापती सॅम्युएल ली कृष्णवर्णीय होते आणि राज्याच्या विद्यापीठाचे दरवाजे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना उघडले. तिथे शिकवायला हार्वर्डचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर रिचर्ड ग्रीनर आले. त्याच वर्षी इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ते अर्पण केलं. फुल्यांनी ज्या अमेरिकेकडे आशेने पाहिलं ती कल्पनेतली नव्हती. राज्याची राजधानी कोलंबिया, तिथल्या विधानभवनात ती त्या वेळी रोज कामकाज करत होती.

आता भ्रष्टाचाराबद्दल, कारण प्रश्नात तो आहे. झाला. रेल्वेच्या रोख्यांत झाला, छपाईच्या कंत्राटांत झाला, आणि पुढच्या दशकापर्यंत गाजत राहील इतका झाला. गव्हर्नर फ्रँकलिन मोझेस (१८७२ ते १८७४) यांचा बचाव कोणी करू नये. पण तीन गोष्टी सोबत सांगाव्या लागतात. पैसा खाणाऱ्यांत गोरे पुढे होते, दोन्ही पक्षांचे : कृष्णवर्णीय ज्याच्या मागे होते तो रिपब्लिकन, आणि जुन्या मळेवाल्यांचा डेमोक्रॅट. त्या दशकात न्यूयॉर्कपासून वॉशिंग्टनपर्यंत असाच कारभार चालला होता, आणि तिथे कोणी म्हटलं नाही की गोऱ्यांचं मत काढून घ्या. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्याला 'लूट' म्हटलं गेलं त्यातला बराच भाग साध्या करवाढीचा होता. युद्धाआधी राज्याचा खजिना गुलामांवरच्या करातून भरायचा आणि जमिनीवरचा कर नाममात्र असायचा. गुलाम ही मालमत्ता राहिली नाही, आणि दुसरीकडे शाळा उघडायच्या होत्या, पूल दुरुस्त करायचे होते. मग कर जमिनीवरच येणार. मळेवाल्यांनी १८७१ आणि १८७४ मध्ये 'करदात्यांच्या परिषदा' भरवल्या. त्यांची तक्रार भ्रष्टाचाराची होतीच, पण जे कर भरत नाहीत ते कर ठरवतात, हीही होती. म्हणजे गरिबाला मत असण्याचीच तक्रार.

जमिनीसाठी या सरकारने काय केलं? १८६९ मध्ये भूमी आयोग नेमला. सरकारने मळे विकत घ्यायचे, तुकडे पाडायचे आणि हप्त्यांनी विकायचे. देशातला असा हा एकमेव प्रयोग. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत त्यात भयंकर घोटाळा झाला. अधिकाऱ्यांच्या दोस्तांच्या नापीक जमिनी चढ्या भावाने घेतल्या गेल्या. भ्रष्टाचाराबद्दल मला खरा राग येतो तो इथे, कारण हा पैसा ज्या कामासाठी होता त्याहून मोलाचं काम त्या पिढीपुढे नव्हतं. कार्डोझो आणि त्यांच्यानंतर आलेल्या हेन्री हेन यांनी पुढे आयोगाची घडी बसवली. १८९० पर्यंत सुमारे चौदा हजार कुटुंबांनी आयोगाच्या जमिनीवर संसार मांडले, जरी सगळ्यांना ती टिकवता आली नाही. आजच्या ग्रीनवुड काउंटीतली (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) 'प्रॉमिस्ड लँड' ही वस्ती त्यातलीच.

बाकीच्यांच्या वाट्याला आलं अर्धेलीचं शेत आणि पिकावरची उचल. १८६६ च्या कायद्याने उभ्या पिकावर तारण घेऊन बी-बियाणं, खत, धान्य उधार देण्याची सोय झाली. दुकानदार उधारीचा भाव वेगळा लावी, कापूसच लाव म्हणून सांगे आणि हंगामाच्या शेवटी वहीत बाकी निघे. खातेवही, व्याज, अंगठा. १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या ज्या वह्या जाळल्या, त्यांची जातकुळी हीच. फरक इतका, की साऊथ कॅरोलायनातल्या दुकानदाराच्या पाठीशी फक्त कोर्ट नव्हतं, रात्री घोड्यावरून फिरणारी टोळीही होती.

ती टोळी म्हणजे कू क्लक्स क्लॅन, गोऱ्यांची गुप्त दहशतवादी संघटना. १८७० च्या निवडणुकीनंतर वरच्या पट्ट्यातल्या काउंट्यांमध्ये तिने थैमान घातलं. इथे गोरे आणि कृष्णवर्णीय संख्येने जवळपास समान होते, त्यामुळे थोडी मतं धाकाने कमी केली की निकाल फिरायचा. यॉर्क काउंटीत मार्च १८७१ मध्ये कृष्णवर्णीय मिलिशियाचे (राज्याच्या नागरिक-सैनिकांच्या दलाचे) कप्तान जिम विल्यम्स यांना घरातून ओढून फासावर लटकवलं. त्याच काउंटीतले इलायस हिल हे अपंग धर्मोपदेशक. त्यांचे हातपाय लहानपणापासून आखडलेले होते. मुलांना अक्षर शिकवतो आणि लोकांना संघटित करतो म्हणून त्यांना अंगणात टाकून चाबकाने मारलं. ते त्याच वर्षी शंभराहून अधिक लोकांना घेऊन लायबेरियाला निघून गेले. ऑक्टोबर १८७१ मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी नऊ काउंट्यांत हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेला कोर्टात आव्हान देण्याचा हक्क, स्थगित केला, सैन्य धाडलं, शेकडोंना अटक झाली आणि क्लॅन मोडली. म्हणजे केंद्र सरकारची इच्छा असेल तर हिंसा थांबवता येत होती. पुढे ही इच्छाच आटली.

१८७६ हे शेवटचं वर्ष. ४ जुलैला हॅम्बर्ग या कृष्णवर्णीयांच्या छोट्या गावात मिलिशियाची कवायत चालू होती. बग्गीतून आलेल्या दोन गोऱ्यांनी वाट अडवली म्हणून फिर्याद केली. चार दिवसांनी मॅथ्यू बटलर या माजी कॉन्फेडरेट जनरलबरोबर शेकडो सशस्त्र माणसं गावात आली. झटापटीत एक गोरा मेला. शरण आलेल्यांतून एकेकाचं नाव पुकारून गोळ्या घातल्या. सहा कृष्णवर्णीय मारले गेले. बटलर पुढच्याच वर्षी सिनेटर झाला. त्या जमावातला बेन टिलमन पुढे गव्हर्नर आणि सिनेटर झाला, आणि त्या रात्रीबद्दल आयुष्यभर उघडपणे फुशारकी मारत राहिला. कोणालाही शिक्षा झाली नाही.

त्या शरद ऋतूत डेमोक्रॅटांचे लाल सदऱ्यांतले सशस्त्र घोडेस्वार गावोगाव फिरले. मार्टिन गॅरी याने प्रचाराची लेखी योजनाच काढली होती : प्रत्येक डेमोक्रॅटने निदान एका कृष्णवर्णीयाचं मत धाकाने, पैशाने किंवा त्याला घरी अडवून ताब्यात घ्यायचं. त्याच्या एजफील्ड काउंटीत जेवढे पात्र पुरुष नव्हते त्याहून जास्त मतं पडली. डेमोक्रॅटांचे उमेदवार वेड हॅम्प्टन १,१३४ मतांनी गव्हर्नर झाल्याचं जाहीर झालं. काही महिने दोन गव्हर्नर आणि दोन विधानसभा चालल्या. १० एप्रिल १८७७ रोजी नवे अध्यक्ष हेज यांनी विधानभवनातले सैनिक काढून घेतले. दुसऱ्या दिवशी रिपब्लिकन गव्हर्नर डॅनियल चेंबरलेन यांनी कचेरीच्या किल्ल्या दिल्या. त्याच वर्षी विद्यापीठ बंद झालं. पुन्हा उघडलं ते फक्त गोऱ्यांसाठी.

याच १८७६ च्या उन्हाळ्यात कॉम्बाही नदीवरच्या भातशेतांत मजुरांनी संप केला होता. मळेवाले मजुरी रोख न देता चिठ्ठ्या देत, आणि त्या मळ्याच्याच दुकानात चालत. गव्हर्नरांनी स्मॉल्सना मध्यस्थीला पाठवलं. ते निःशस्त्र जमावात गेले, बोलले, आणि बहुतेकांच्या पदरात रोख मजुरी पडली. अशी मागणी रेटायची ताकद ब्यूफोर्टकडच्या माणसांत का होती? पाठीमागे स्वतःचं पाच एकर रताळ्याचं रान असलेला माणूस दोन महिने मजुरीशिवाय काढू शकतो. एजफील्डचा वाटेकरी काढू शकत नव्हता. मत दिलं तर झोपडी सोड, एवढं म्हणणं तिथे पुरायचं.

हॅम्प्टनच्या विजयानंतर, तोवर खासदार झालेल्या स्मॉल्सवर लाच घेतल्याचा खटला भरून शिक्षा ठोठावली गेली. १८७९ मध्ये तडजोडीत माफी झाली, ती डेमोक्रॅटांवरचे निवडणूक-गैरव्यवहाराचे खटले सोडण्याच्या बदल्यात. तरी ब्यूफोर्टने त्यांना पुन्हा संसदेत पाठवलं. १८८२ मध्ये आठ पेट्यांचा कायदा आला. प्रत्येक पदाची मतपेटी वेगळी, चुकीच्या पेटीत टाकलेलं मत बाद, आणि निरक्षराला पेटी कळू नये ही मूळ योजना. त्याच वर्षी मतदारसंघ असे कापले की कृष्णवर्णीय मतं होता होईल तेवढी एकाच सातव्या मतदारसंघात कोंबली जावीत.

१८९५ मध्ये टिलमनने नवी घटना करायला परिषद बोलावली. १६० सदस्य, त्यांतले कृष्णवर्णीय फक्त सहा. त्या सहांपैकी पाच ब्यूफोर्टचे. हा आकडा मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आहे. वीस वर्षांच्या धाकदपटशानंतरही जिथून लोक आपली माणसं निवडून पाठवू शकत होते, तो तोच भाग होता जिथे १८६३ च्या लिलावात छोट्या शेतकऱ्यांच्या नावावर जमीन झाली होती. कृष्णवर्णीयांची मोठी बहुसंख्या हे एक कारण होतं हे मान्य. पण बहुसंख्या किनाऱ्यावरच्या इतर काउंट्यांतही होती.

स्मॉल्स, थॉमस मिलर आणि त्यांचे साथीदार त्या परिषदेत शेवटपर्यंत लढले. घटना मंजूर झाली. वाचता येण्याची किंवा तीनशे डॉलरच्या मालमत्तेची अट आली. डोईपट्टी निवडणुकीच्या सहा महिने आधी भरण्याची अटही आली, म्हणजे वाटेकऱ्याच्या हातात पैसा नसतो अशा वेळी. वाचून दाखवलेलं 'समजलं' की नाही हे ठरवणार गोरा अधिकारी. स्मॉल्स यांनी त्या घटनेवर सही केली नाही. १८९७ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन मरे यांची मुदत संपली, आणि त्यानंतर या राज्यातून पुढचे कृष्णवर्णीय खासदार जेम्स क्लायबर्न १९९३ मध्ये संसदेत बसले.

जमिनीचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. ज्यांनी ती मिळवली त्यांतल्या अनेकांनी मृत्युपत्र केलं नाही. गोऱ्यांच्या कोर्टावर विश्वास नव्हता, वकिलाला द्यायला पैसे नव्हते. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या वाटणी न होता ती सर्व वारसांची सामाईक राहिली. आपल्याकडे सातबाऱ्यावर पंचवीस नावं असलेल्या जमिनीची कल्पना असणाऱ्याला ही अडचण लगेच कळेल. विसाव्या शतकाच्या मध्यापासून हिल्टन हेडसारख्या बेटांवर गोल्फची मैदानं आणि सुटीची घरं आली. मग बांधकाम व्यावसायिकाने दूरच्या शहरातल्या एका वारसाचा छोटा हिस्सा विकत घ्यायचा, कोर्टात वाटणीचा दावा लावायचा आणि सगळी जमीन लिलावात स्वस्तात उचलायची, असा मार्गच पडला. लिलावाने मिळालेली जमीन लिलावानेच गेली. २०१६ मध्ये राज्याने यावर कायदा केला. त्याला क्लेमेंटा पिंकनी यांचं नाव आहे. ते राज्याचे सिनेटर आणि पाद्री होते, आणि २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये एका गोऱ्या वर्णद्वेष्ट्याने त्यांना आठ जणांसह गोळ्या घालून मारलं. या कायद्याने कोर्टाला जमिनीची खरी किंमत आधी ठरवावी लागते, आणि बाहेरच्या कोणाला विकण्याआधी विक्री मागणाऱ्याचा हिस्सा घेण्याची पहिली संधी बाकीच्या वारसांना द्यावी लागते. १ जानेवारी २०१७ पासून तो लागू आहे.